जंगल राखलं तर जमीन जाते का?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात आमचं ४ हेक्टर ३० आर डोंगरउतारावरचं जंगल आहे. ऐन, किंजळ, जांभूळ, खैर, बेहडा अशी झाडं आणि मधे एक बारमाही झरा. त्याचं पाणी पाइपने खालच्या वाडीला जातं. सातबाऱ्यावर काका, दोन चुलतभाऊ आणि माझे वडील अशी नावं आहेत. वडील २०१६ साली वारले, वारस नोंद अजून झालेली नाही. काकांना घर दुरुस्तीसाठी पैसे हवेत, म्हणून त्यांनी सगळं जंगल एका लाकूड व्यापाऱ्याला उक्तं द्यायचं ठरवलंय. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर पाच वर्षांचा करार झालाय आणि माझ्याकडे संमतीपत्र म्हणून एक कागद सहीला आलाय. जंगलातून चार पैसे यावेत हे मलाही पटतं, पण सरसकट तोड नको. निवडून तोडावं, झरा राखावा. काका म्हणतात, जंगल राखलं की सरकार जमीन घेतं, त्याआधी तोडून मोकळं झालेलं बरं. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात ‘खाजगी वने’ असा शेराही दिसतो. चुलतभाऊ म्हणतो की लग्न झालेल्या मुलीच्या सहीवाचून काही अडत नाही. मी काय करावं?

उत्तर : ताई, आधी तो कागद. त्यावर सही करू नका.

तुम्ही पाठवलेला फोटो मी दोनदा वाचला. वर ठळक अक्षरात ‘संमतीपत्र’ लिहिलंय, पण तिसऱ्या परिच्छेदात ‘सदर मिळकतीत माझा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही व यापुढे राहणार नाही’ असं वाक्य आहे. ही झाडतोडीची संमती नव्हे, ही हक्कसोडीची भाषा आहे. स्थावर मिळकतीतला हिस्सा सोडायचा तर दस्ताची नोंदणी लागते, त्यामुळे एवढ्या कागदाने तुमचा हक्क संपत नाही. पण उद्या वाटपाचा दावा उभा राहिला की हाच कागद तुमच्यासमोर धरला जाईल आणि ‘सही तुमचीच ना?’ हा पहिला प्रश्न असेल. कोकणातल्या सामाईक जमिनींच्या दाव्यांत असे कागद मी इतक्यांदा पाहिलेत की मथळ्याकडे मी आता बघतच नाही, मजकुराकडे बघतो.

सहीवाचून अडत नसतं तर कागद तुमच्यापर्यंत आला नसता. वडील वारले त्या दिवशी तुम्ही, तुमची आई आणि भावंडं १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या हिश्श्याचे प्रथम वर्गाचे वारस झालात. लग्नाचा त्याच्याशी संबंध नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे हे २००५ च्या दुरुस्तीने ठरलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची उरलीसुरली शंकाही मिटवली. वारस नोंद झाली नाही म्हणून हक्क गेला असं होत नाही. नोंद हक्काचा पुरावा असते, हक्काचा जन्म नोंदीतून होत नाही. तरीही नोंद आजच करायला घ्या. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र द्या. तुमचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर वन कार्यालयातला कारकून तुमची हरकत बाजूला ठेवेल, आणि त्यात त्याची फारशी चूकही नसेल.

आता काकांचा करार. एका हिस्सेदाराने सगळ्यांची झाडं विकायची हे मुळातच चालत नाही. वाटप होईपर्यंत प्रत्येक हिस्सेदार त्या डोंगराच्या कणाकणाचा सहमालक असतो. काका आपला अविभक्त हिस्सा विकू शकतात, पण ‘वरच्या अंगाचे ऐन माझे, ते मी दिले’ असं त्यांना म्हणता येत नाही. दुसरी अडचण कराराच्या मुदतीची आहे. उभी झाडं लगेच तोडून न्यायची असतील तर कायदा त्यांना जंगम माल मानतो. पण वर्षानुवर्षं जमिनीवर येऊन, तिथे वाढत जाणारी झाडं तोडत राहण्याचा हक्क दिला की तो जमिनीतला हक्क होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं. तिथे पतीने पत्नीला बारा वर्षं जंगलातलं लाकूड नेण्याचा हक्क दिला होता, दस्त नोंदवला नव्हता आणि तो हक्क टिकला नाही. तुमच्या व्यापाऱ्याकडेही पाच वर्षांचा, बिननोंदणीचा, एकाच हिस्सेदाराच्या सहीचा कागद आहे. त्याच्या जोरावर तो जंगलात कोयता लावू शकत नाही. अर्थात लावणारच नाही असं नाही, म्हणून पुढचं सांगतो.

पण खरी गाठ आहे काकांच्या भीतीत. ती भीती खोटी नाही, ती जुनी आहे. तुमच्या आजोबांच्या पिढीने ती प्रत्यक्ष पाहिली. ३० ऑगस्ट १९७५ रोजी महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम लागू झाला आणि त्याच्या व्याख्येत बसणारी खाजगी वनं त्या एका दिवशी राज्य शासनाकडे गेली. कोणाची जमीन गेली, कोणाची वाचली, कोणाची गेली की वाचली हेच पन्नास वर्षं ठरलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं, त्यामुळे इथे धास्ती जास्त. ‘झाड दिसलं की सरकार येईल’ हे वाक्य तिथून आलंय.

पण त्या कायद्याने बघितलं ते १९७५ सालच्या स्थितीकडे. आज २०० झाडं तोडली म्हणून १९७५ चा शेरा पुसला जात नाही. जमीन तेव्हाच शासनाकडे गेली असेल तर आजची तोड ही सरकारी जंगलातली चोरटी तोड ठरेल. माल आणि गाडी जप्त होईल आणि गुन्ह्यात करार करून देणारे काकाच पहिले असतील. आणि जमीन गेली नसेल, तर तुम्ही झाडं राखली म्हणून ती आपोआप जाणार नाही. कलम २१ मध्ये एखादी जमीन नव्याने खाजगी वन जाहीर करण्याचा अधिकार शासनाला आहे, हे मी लपवत नाही. पण त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. कोणीतरी झाडं मोजून गेला आणि जमीन गेली, असं होत नाही.

काकांचं म्हणणं एका अर्थाने मात्र बरोबर आहे आणि ते तुम्हीही ओळखून असा. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘जंगल’ हा शब्द कोशातल्या अर्थाने घ्यायला सांगितलं, मालक कोणीही असो. तशा जमिनीवर बंगले, प्लॉट, खाण असा वनेतर वापर करायचा तर केंद्राची पूर्वमान्यता लागते. २०२३ च्या दुरुस्तीने ही व्याप्ती अधिसूचित आणि सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेल्या जमिनींपुरती आणली, पण १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने राज्यांना तूर्त जुन्याच अर्थाने चालायला सांगितलं. तेव्हा जंगल राखल्याने मालकी जात नाही, पण उद्या तिथे प्लॉट पाडायचा मार्ग अरुंद होतो. ज्याला जंगलच ठेवायचंय त्याला यात काहीच गमवावं लागत नाही. चुलतभावांच्या मनात प्लॉट असतील तर ती गोष्ट घरात उघड बोलली जायला हवी.

तर पहिलं काम त्या शेऱ्याचं. ‘खाजगी वने’ हे दोन शब्द कोणत्या फेरफाराने आले, तो क्रमांक सातबाऱ्यावर शेऱ्याजवळ गोलात लिहिलेला असतो. त्या फेरफाराची नक्कल काढा. सोबत १९७५ च्या आधीचे सातबारे काढा आणि त्यांतली पीकपाणी बघा. त्या दिवशी जमिनीच्या काही भागात कायदेशीर लागवड चालू असेल आणि ती कायद्याने ठरवलेल्या कमाल जमीनधारणेच्या मर्यादेत असेल, तर तेवढा भाग संपादनातून वगळलेला आहे. डोंगरात वरी, नाचणी होत असे हे काका सांगत असतील तर दप्तरातही ते सापडू शकतं.

मग चिपळूणच्या विभागीय वन कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि तीन गोष्टी मागा : भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खाली या गटाबद्दल नोटीस (खाजगी जंगलावर बंधनं घालण्याआधी मालकाचं म्हणणं मागवणारी) निघाली होती का, निघाली असल्यास ती कोणावर कोणत्या तारखेला बजावली, आणि जमिनीचा ताबा घेतल्याचा पंचनामा आहे का. हे प्रश्न मी अंदाजाने निवडलेले नाहीत. ३० जानेवारी २०१४ रोजी गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटीस नुसती निघून चालत नाही, ती मालकावर बजावली गेलेली असली पाहिजे, कारण हरकत घ्यायची संधी त्याशिवाय मिळत नाही. शिवाय १९५६-५७ सालच्या, पुढे काहीच न झालेल्या शिळ्या नोटिसांच्या आधारे १९७५ मध्ये जमीन शासनाकडे गेली असं म्हणता येत नाही. कोकणातल्या कित्येक सातबाऱ्यांवरचे शेरे अशाच न बजावलेल्या नोटिसांवर उभे आहेत. तुमचाही तसाच आहे असं कागद बघितल्याशिवाय मी म्हणणार नाही.

आजोबांच्या नावाने १९७५ च्या खाजगी वने अधिनियमाच्या कलम २२-अ खाली काही आदेश झाला होता का, तेही शोधा. संपादनामुळे ज्यांची एकूण जमीन १२ हेक्टरच्या खाली आली अशा छोट्या मालकांना जमीन परत देण्यासाठी ते कलम नंतर घातलं गेलं. कित्येक घरांत तो आदेश पत्र्याच्या पेटीत पडून असतो आणि सातबाऱ्यावर त्याचा अंमल कधी दिलेलाच नसतो. तुमची जुनी पेटी उघडून बघा, माझं ऐका.

कागद तुमच्या बाजूने निघाले तर त्याच अधिनियमाच्या कलम ६ खाली ही जमीन खाजगी वन नाही असा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे मागता येतो. त्यांचा निर्णय विरुद्ध गेला तर महसूल न्यायाधिकरणात अपील आहे. वेळ लागतो. आणि तो निर्णय होईपर्यंत जंगलातून एक फांदीही विकू नका.

शेरा सातबाऱ्यावरून निघून गेला असं धरू. त्यानंतर तुम्हाला हवी असलेली निवडक तोड कायद्यात बसते. १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतचा (विनियमन) अधिनियम स्वतःच्या जमिनीतल्या अनुसूचित झाडांनाही लागू आहे आणि तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तुम्ही लिहिलेल्या पाच झाडांपैकी ऐन, किंजळ, जांभूळ आणि खैर ही चार अनुसूचीत आहेत. बेहडा नाही, पण अनुसूचीबाहेरच्या झाडांनाही महसुली नियम आणि वाहतुकीचे नियम सुटत नाहीत. अर्ज परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो. सोबत सातबारा, गटाचा नकाशा आणि सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागितली जाते. तुमच्या सहीची किंमत इथे कळते. हद्द कायम मोजणी आधी करून घ्या, कारण शेजारच्या गटातलं एक झाड तुटलं तरी परवाना असूनही भांडण तुमच्या दारात येतं.

मागच्या उन्हाळ्यात एका पक्षकाराच्या डोंगरावर गेलो होतो. एकाच चढणीवर दोन हिस्से, दोन्हीकडे चार वर्षांपूर्वी तोड झालेली. एकीकडे ऐनाचे खुंट कमरेइतके उंच, वरून चिरफाळलेले, सालीचे पट्टे लोंबलेले. फुटवे आलेच होते ते वरच्या कडेला, वाऱ्याने मोडतील असे. दुसरीकडे खुंट जमिनीलगत, तिरका, गुळगुळीत कापलेला, की पाणी साचू नये. त्याच्या बुडातून सात-आठ सरळ काठ्या निघालेल्या, माझ्या डोक्याच्या वर गेलेल्या. व्यापारी एकच होता. करार वेगळे होते. एका करारात ‘सर्व झाडे’ एवढंच लिहिलेलं, दुसऱ्यात खुंटाची उंची बोटांत लिहिलेली.

म्हणून करार उक्ता करू नका. उक्त्यात व्यापाऱ्याला शेवटची काठीही नेण्यातच फायदा असतो. झाडागणिक किंवा वजनावर द्या, वजनकाट्याच्या पावतीची प्रत दर खेपेला तुमच्या हातात. तोडायच्या प्रत्येक झाडावर नंबर टाका, छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेर मोजा आणि ती यादी कराराला जोडा. नंबर नसलेलं झाड तुटलं तर त्याची भरपाई किती, हे आधीच आकड्यात लिहा आणि तेवढी रक्कम अनामत घ्या. जंगलाचे कूप पाडा. ४ हेक्टर ३० आरचे पाच-सहा तुकडे, दर दोन-तीन वर्षांनी एकाची पाळी, म्हणजे पहिल्याची पाळी परत येईपर्यंत खुंटांवरच्या काठ्या पुन्हा झाडं झालेली असतात. तोड पानगळीनंतर आणि पावसाच्या आत. बी देणारी थोराड झाडं प्रत्येक जातीची राखा. ढोलीचा जुना बेहडा व्यापाऱ्याला नकोसाच असतो, तो यादीत येऊच देऊ नका, धनेशाला घरट्याला तसलंच झाड लागतं. तोडलेल्या कुपात निदान तीन पावसाळे गुरं नकोत, आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला साफ केलेला पट्टा, कोण काढणार तेही करारातच लिहा. फुटव्यांवर एक वणवा फिरला की सगळी मेहनत गेली.

लाकूड नेण्यासाठी जेसीबीने रस्ता काढून देतो असं व्यापारी म्हणेल. नको म्हणा. उतारावरची माती उघडी पडली की पहिल्याच पावसात ती पऱ्यात, म्हणजे ओढ्यात उतरते.

लाकूड बाहेर नेताना वन विभागाचा वाहतूक पास लागतो. पासावर तुमचा गट क्रमांक असतो. पास व्यापाऱ्याच्या ताब्यात कोरा देऊ नका, एका गटाच्या पासावर दुसऱ्या डोंगराचा माल गेलेला मी पाहिलाय आणि जबाब मालकाला द्यावे लागले. बांबू लावायचा विचार असेल तर २०१७ च्या दुरुस्तीने तो झाडाच्या व्याख्येतून निघालाय, स्वतःच्या वनेतर जमिनीतला बांबू तोडणं त्यामुळे बरंच सुटसुटीत झालंय.

झऱ्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण पत्रात मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. वाडी २० वर्षांहून अधिक काळ उघडपणे, हक्काने ते पाणी नेत असेल तर सुविधाधिकार कायद्याखाली तिचा पाण्यावर हक्क तयार झालेला असू शकतो. तो हक्क पाण्यावरचा असतो, झऱ्याभोवतीच्या झाडांवर नव्हे, हा फरक समजून घ्या. म्हणून झऱ्याच्या वरच्या अंगाचा पट्टा तुम्हीच सगळ्या कुपांच्या बाहेर ठेवा, नकाशावर रंगवा आणि हिस्सेदारांच्या आपसातल्या करारात ‘इथे तोड नाही’ असं लिहून घ्या. वाटप झालंच तर तो पट्टा सामाईक राहील असं वाटपपत्रातच घाला. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-क खाली मालकाच्या इच्छेने खाजगी जमीन समुदाय राखीव क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकते, पण मग जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता लागते. तुम्हाला तोडही करायची आहे, चार हिस्सेदार आहेत. आत्ता त्या वाटेने जाऊ नका.

पैशांबाबत एक गोष्ट काकांच्या कानावर घाला. आपोआप उगवलेल्या रानातल्या झाडांचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त धरता येत नाही. नांगरणी, पेरणी, लागवड अशी मूळ कामं केलेली असतील तरच ते शेतीउत्पन्न, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ठरवलंय. रक्कम मोठी असेल तर कर सल्लागाराला आधी विचारा.

आणि शेजारच्या गटांचे मालक कोण आहेत ते बघा. एकट्या चार हेक्टरवाल्याला भाव व्यापारी सांगतो. दहा उत्पादक एकत्र आले तर कंपनी कायद्याखाली उत्पादक कंपनी काढता येते आणि त्या कायद्यातल्या प्राथमिक उत्पादनात वनशेती आणि वनउपजही येते. मोजणी, नंबर टाकणं, जाळरेषा, वजनकाटा, हे सगळं दहाजणांत वाटलं की परवडतं.

आता या आठवड्यात काय. वारस नोंदीचा अर्ज द्या. त्याच दिवशी परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्या : या गटात आमचा हिस्सा आहे, झाडतोडीला आमची संमती नाही, परवानगी देण्याआधी आम्हाला ऐकावं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. व्यापाऱ्याला वकिलामार्फत नोटीस पाठवा. त्यातूनही कोयते लागलेच तर वाटपाचा आणि मनाईचा दावा दाखल करून तातडीचा मनाई हुकूम मागता येतो, त्यासाठी जंगलाचे आजचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

हरकतीची पोच हातात आली की काकांना फोन करा, त्याआधी नको, नाहीतर व्यापारी घाई करेल. पण फोन नक्की करा, नोटिशीतून त्यांना कळू देऊ नका. त्यांना घराचं छप्पर करायचंय आणि त्यांच्यासमोर कोणी दुसरी वाट ठेवलेली नाही. शेरा निघाला की पहिल्या कुपाचे पैसे आधी त्यांना, आमचा हिस्सा पुढच्या पाळीत घेऊ, एवढं तुम्ही आणि भावंडांनी कबूल केलंत तर संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या एका दिवसात होतील. त्या संमतीपत्राचा मसुदा मी करून देतो. त्यात हक्कसोडीचा एकही शब्द नसेल आणि झऱ्याचा पट्टा पहिल्याच कलमात असेल.